सातवी चुणी

इस्त्रीच्या दुकानातल्या बाईंनी ठरवलं, आपण चित्रं काढायची. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मास्तरांचा तैलचित्रांचा क्लास होता. नवरा म्हणाला, "अगं, चौथी पास तू! तुला जमणार आहे का?"

"एवढी जड इस्त्री धरते, ब्रशाला काय वजन असतं?" म्हणत बाई जिना चढल्या.

मास्तरांनी नक्कल करायला एक छापील चित्र दिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा उस्तादानं काढलेला दाढीवाला गृहस्थ, गळ्यात ताटाएवढी पांढरी चुण्यांची कॉलर. हुबेहूब उतरेल तेच क्लासच्या प्रदर्शनात लागणार. बाई नवऱ्याला सांगून बसल्या, "नाही लागलं, तर पुन्हा जिना चढणार नाही!" (भरात माणूस काहीही बोलतं.)

तीन महिने खपल्या. चेहरा काही जमेना. नाक आज डावीकडे, उद्या उजवीकडे. मेला तेलाचा रंग वाळेना. दाढी पुसायला जावं तर गालही सोबत यायचा. पण कॉलर! बोट लावलं तर कापेल अशी कडक.

मास्तरांनी चष्मा सरसावला. "बाई, सातवी चुणी मूळ चित्रात उलटी आहे. तुम्ही सुलटी केलीत."

"ती चुकलीय."

"उस्ताद चुकले?"

"ते कशाला? त्या दाढीवाल्याकडची इस्त्री करणारी चुकली. चुकीची घडी मी हातून जाऊ देत नसते."

"मग चित्र लागणार नाही."

बाई ताडताड खाली गेल्या आणि खळ घातलेलं कापड, इस्त्री घेऊन वर आल्या. सगळ्यांसमोर चुण्या पाडल्या. सातवी उलटी घातली, तशी अख्खी कॉलर मान टाकून बसली. सुलटी केली, तशी ताठ!

मास्तरांनी बाईंचं चित्र उचललं. मग त्यांनी स्वतःच खिळा ठोकला, थेट दारासमोर. खाली चिठ्ठी लावली : 'इस्त्रीवाल्या बाई, तळमजला.'

प्रदर्शनात एक कोटवाले साहेब त्या चित्रापुढून हलेनात. बाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, बघा!"

साहेब वळले. "हे काम तुमचं? अशी कॉलर मी जन्मात पाहिली नाही."

"तीन महिने लागले," बाई फुगून म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. "तीन महिने? मला तर चार शर्ट इस्त्री करून उद्याच हवे होते."

बाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या चुरगळलेल्या कॉलरकडे.

"आणा इकडं. पण परवा मिळतील. उद्या आमचा क्लास असतो."