काकांचा समतोल आहार

घरातल्या काकाकुव्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढले असून त्यास तातडीने समतोल आहार सुरू करावा, असे पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. "नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर हा एक दिवस धाडकन दांडीवरून खाली पडेल," हे त्यांचे शब्द. घराचे मालक निवृत्त कार्यालय अधीक्षक. त्यांनी हा विषय त्याच संध्याकाळी बैठकीत घेतला.

काकाकुवा हे नाव हाक मारायला लांबलचक, म्हणून पक्ष्याला सगळे 'काका' म्हणत. आणि काका म्हटल्यावर अरेतुरे करणे अधीक्षकांच्या शिस्तीत बसत नसे.

"उद्यापासून काकांच्या बिया बंद," त्यांनी फर्मावले. "त्यांना उकडलेला मका, गाजर, पालक आणि सफरचंदाच्या फोडी. कापून टेबलावर ठेवायचं काम मुलीचं. पिंजऱ्यातली वाटी भरायचं काम तिच्या आईचं."

टेबलावरून पिंजऱ्याकडे बशी कोणी न्यायची, हे कोणाच्याच अखत्यारीत आले नाही. आणि बैठकीला अधीक्षकांचे धाकटे भाऊ नव्हते. मागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला बैठकीला बोलावण्याची पद्धत नव्हती.

सकाळी तेच धाकटे बंधू बाहेर आले आणि बशी पाहून थबकले.

"हे कोणासाठी गं?"

"काकांसाठी," पुतणी दात घासता घासता म्हणाली.

बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळे संपवले आणि बशी विसळून ठेवली. आईला टेबलावर बशी दिसली नाही, तेव्हा लेकीनेच वाटी भरली असेल असे तिने धरले. मुलीला विसळलेली बशी दिसली, तेव्हा आईने काम केले असे तिने धरले. एकमेकींना विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ.

अधीक्षकांनी जातीने पाहणी केली. पिंजऱ्यातली वाटी लख्ख होती. "वा! काकांनी चाटूनपुसून खाल्लंय." पक्षी गज चावत किंचाळत होता. "बघा, कशी तरतरी आलीय!" दुसऱ्या दिवशी तो स्वतःची पिसे उपटू लागला, तेव्हा तब्येत सुधारत असल्याची खात्री पटून अधीक्षकांनी बशी दुप्पट केली. भाऊ ढेकर आवरत जेवले. दादा एवढ्या मायेने देतोय, त्याला नाही कसे म्हणायचे?

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांनी पक्ष्याला चोच घासायला समुद्रफेणाचा पांढरा, टणक तुकडा आणला. मुलीने तो सफरचंदाशेजारी नीट मांडला. भावाने तो प्रेमाने चावला. कट्ट आवाज झाला.

"दादा," दाताचा तुकडा तळहातावर घेऊन ते म्हणाले, "बाकी सगळं झकास. पण हे पांढरं जरा कडक आहे रे."

तिघांच्या नजरा बशीवरून पिंजऱ्याकडे गेल्या. मग आई बशी घेऊन पिंजऱ्याकडे पळाली. पक्ष्याने वाटीत असे डोके खुपसले की बराच वेळ नुसती शेपटीच दिसत होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, केवढी चूक झाली!" मुलगी म्हणाली.

"चूक कसली? आहार योग्यच होता. लाभार्थी तेवढा बदलला."

यावर भाऊसुद्धा गाल धरून खो-खो हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारले, "मग आता मी काय खाऊ?"

"नेहमीचंच खा की."

"म्हणजे काय?"

अधीक्षकांनी बायकोकडे पाहिले, बायकोने मुलीकडे. तिघांचे जेवण उरकल्यावर हा माणूस रोज काय जेवतो, हे कोणालाच सांगता येईना.

हसलात ना? मग आता सांगा. तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या ताटात काल काय होते?