वानखडे काकांचं शांत बेट

वानखडे काका भाजी आणायला निघाले की आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घराला ते कळतं. फाटकाची कडी काढता काढता ते पुकारा करतात, "इतवारा बाजारले जानारी गाडी फाटकावर लागली हाये. कोनाले काई आनाचं असन तं सांगा." गाडी म्हणजे त्यांची सायकल. तिच्या कॅरिअरवर कोणी बसू शकत नाही, पण काका दोन मिनिटं थांबून इकडेतिकडे बघतात आणि मगच पायडल मारतात.

काका अकोल्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात गेली. रिटायर होऊन ते अमरावतीला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा माइक अकोल्यातच राहिला, पण ही गोष्ट त्यांच्या आवाजाला कोणी कळवली नाही. पुण्याच्या मुलीशी ते फोनवर बोलायला लागले की माझी बायको म्हणते, यांना फोन कशाला हवा, पुणं काही एवढं लांब नाही. काकू मात्र अगदी अबोल. कोणी काही म्हटलं की गोड हसायचं आणि चहा टाकायचा, एवढंच त्यांचं बोलणं.

तर अशा या काकांनी एका सकाळी माझ्याकडे येऊन जाहीर केलं की त्यांना शांततेत जायचं आहे. मी घाबरलो. तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. तेव्हा त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. निळाशार समुद्र, पांढरी घरं, आणि एका गल्लीतून पाठीवर बॅगा घेऊन जाणारं गाढव.

"ग्रीस देशाचं बेट हाये. एकबी मोटार नाई. स्टँडच नाई सर!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला राहवेना. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, पण गोव्याच्या पुढे गेलेलो नाही. आम्ही दोघांनी नकाशा उलगडून ते बेट शोधलं. शाईचा ठिपका पडला असावा एवढंच होतं ते.

शांतताच हवी तर चिखलदरा काय वाईट, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी ते साफ फेटाळलं. चिखलदऱ्याला ते गेले होते. तिथल्या पॉइंटवर त्यांनी काकूंना नुसतं "सांभाळून" म्हटलं, तर दरीच्या कठड्यावरून तिघे वळले आणि म्हणाले, "अकोला स्टँडचे वानखडे साहेब ना तुमी?" उरलेला दिवस जुन्या गाड्यांच्या आठवणीत गेला. वऱ्हाडात हा आवाज ओळखत नाही असा प्रवासी नाही. म्हणून ग्रीस.

मग तयारी सुरू झाली. काकांनी ऑलिव्हची बाटली आणली. एक फळ तोंडात टाकून ते बराच वेळ गप्प राहिले, आणि त्यांच्या बाबतीत ही मोठीच घटना होती. नंतर म्हणाले की निंबोळीलाही याच्यापेक्षा चव असते. काकूंनी त्या बाटलीला लसूण-तिखटाची फोडणी दिली आणि दोन दिवसांत ती संपली. तिकडच्या कडक उन्हाळ्याबद्दल पर्यटकांना दिलेल्या सूचना मी वाचून दाखवल्या, तेव्हा तर काका हसून हसून खुर्चीत कोलमडले. त्यातला तापमानाचा आकडा आपल्याकडे दिवाळीत असतो. त्यांनी स्वेटर काढून उन्हात टाकले.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो आमच्या रीतीने. आमच्याकडे कुठेही निघालं की समोरच्याला "येता काय?" म्हणायचं असतं, आणि समोरच्याने "नाई, तुमी या जाऊन" म्हणायचं असतं. आपण जेवत असताना कोणी आलं की "या जेवाले" म्हणतो, तसंच हे. त्यात ताटावर येऊन बसायचं नसतं. पण काकांनी आयुष्यभर लोकांना गाडीत बसवण्याचंच काम केलेलं. ते "येता काय?" म्हणाले की माणूस आपोआप पिशवी उचलतो.

तेल्हाऱ्याची बहीण यजमानांसकट तयार झाली. मूर्तिजापूरचे साळे, म्हणजे काकूंचे भाऊ देवराव, सहकुटुंब तयार झाले. समोरचे गुल्हाने, त्यांचे व्याही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. मी जाळीची टोपी घेऊन टाकली होती. मोबाइलवर 'चलो ग्रीस' असा ग्रुप निघाला आणि एका रविवारी काकांच्या अंगणात बैठक भरली.

देवरावांनी सूत्रं हाती घेतली. समुद्रकिनारी एक दिवस रोडग्यांची पार्टी करायचीच, असं ठरलं. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत चुरून खायचे. वांगी तिकडे मिळतात, असं गुल्हाने छातीठोकपणे सांगत होते. प्रश्न गोवऱ्यांचा होता. विमानात गोवऱ्या चालतात का, हे शोधून काढायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. बहिणीचे यजमान म्हणाले, तिथं गाढवं आहेत म्हणजे काहीतरी सोय होईलच. त्यावर गाढवाच्या गोवऱ्या होतात का यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी देवरावांनी घोषणा केली की ते मोठा स्पीकर सोबत घेणार आहेत, कारण एवढ्या शांत जागी माणसाला करमणार कसं?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, हे लोक कमी करा." मला ते पुन्हा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा ते मला ऐकूच आलं नव्हतं. वानखडे काका हळू बोलत होते.

एवढी मजा येणार आहे, कशाला मोडता घालता, असं मी चेष्टेने म्हणालो. काका खुर्चीच्या टोकावर बसले.

"हिच्या कानाची मशीन आनाले नागपूरले गेल्तो. तिथं एक काचेची खोली हाये. दरवाजा लावला का बाहेरचा आवाज बंद. डॉक्टरनं हिले मशीन लावली, आमाले दोघाले आत बसवलं अन् म्हने, बोला. मी हळूच बोललो, तं हिले सारं आयकू आलं. हासली सर. मंग डॉक्टर म्हने, झालं, या बाहेर. रस्त्यावर आलो का हॉर्न, गाड्या, कोनाची तरी वरात. सारं एकदम हिच्या कानात घुसलं. हिनं मशीन काढून पर्समदी टाकली. तसं दोघाले बसता येईन, असं ठिकान पाहून राहिलो मी."

काकूंच्या कानाला मशीन आहे हे मला ठाऊक होतं, पण ते कायम डबीत का असतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची जाळीची टोपी आठवून शरम वाटली.

लोक कमी करायला फार कष्ट पडले नाहीत. मी ग्रुपवर खरं तेच लिहिलं. तिथे बाजार नाही, ओळखीचं कोणी भेटत नाही, दिवसभर समुद्राकडे बघत बसायचं असतं आणि मोठ्याने बोललेलं लोकांना आवडत नाही. चार दिवस न बोलता बसलेल्या माणसाला आमच्याकडे दवाखान्यात नेतात. संध्याकाळपर्यंत बहिणीचे गुडघे दुखायला लागले, गुल्हान्यांच्या व्याह्यांकडे पाहुणे निघाले आणि देवरावांना कपाशी आठवली. रोडग्यांची पार्टी गुल्हान्यांच्या शेतात करायचं ठरलं, स्पीकरसकट. तिथे मीच सगळ्यांत जास्त खाल्लं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप द्यायला गेलो. काका पायरीवर बसले होते, काकू आत बॅग भरत होत्या. इतके दिवस जिभेवर असलेलं मी विचारून टाकलं. त्या काचेच्या खोलीत काकूंशी असं काय बोललात, काका? काहीतरी खास असणार.

काका चक्क लाजले. "काई नाई हो. 'थकली काय वं?' एवढंच इचारलं."

"मग?"

"'हो' म्हने." त्यांनी फाटकाकडे नजर वळवली. "इतक्या वर्सात हे मी हिले कधी इचारलंच नाई सर. जेवन झालं काय, चाबी कुठी हाये, हे वरडून इचारता येते. थकली काय, हे वरडून कसं इचाराव?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. औषधांची पिशवी कोणत्या बॅगेत ठेवायची, असं त्या विचारत होत्या. मी सवयीने कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सांगायला आत गेले.