राजाजीनगरची बाभूळ

कुठल्या जमिनीत कोणतं झाड असेल, हे जागेवर न जाता सांगणारं एक कार्यालय १९६१ साली बेंगळुरात सुरू झालं. पाऊस, तापमान, माती आणि उंची समीकरणात घालायची, उत्तर येईल तो रंग नकाशावर भरायचा. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ उपेंद्रराव पुण्याहून खास आणवले होते. माणूस विद्वान, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

कार्यालयाच्या गच्चीवर पर्जन्यमापक होता. शिपाई ज्योतिबा भलताच जबाबदार. ढग दिसले की सरकारी वस्तू भिजू नये म्हणून तो पर्जन्यमापक आत आणून ठेवी. साहजिकच शहराचा पाऊस नगण्य निघाला आणि समीकरणाने आमच्या राजाजीनगरच्या वाट्याला बाभूळ दिली.

नकाशा छापून आल्यावर उपेंद्रराव पडताळणीला आमच्या गल्लीत आले. बघतात तर कृष्णाबाईंच्या दारात फणस, तोही लगडलेला.

"हे झाड इथे कसं?"

"सासऱ्यानं लावलंय की, अण्णा."

"लावलं असेल. पण एवढ्याशा पावसात ते जगू शकत नाही."

"जगलंय न्हवं? स्वल्प वर बघा की."

उपेंद्ररावांनी वर पाहिलं नाही. नकाशा चार रंगांत छापला होता, तो बदलायची तरतूद नव्हती. झाडाच्या बाबतीत मात्र तरतूद होती. आठवड्याभरात 'सदर दृश्य त्रुटी मुळासकट काढावी' असा हुकूम आला.

कृष्णाबाई ढसाढसा रडल्या. आम्हालाही फार वाईट वाटलं. मग तोंड धुऊन त्या थेट कार्यालयात गेल्या.

"अण्णा, तुमच्या नकाशात बाभूळ हाय न्हवं? मग ह्येलाच बाभूळ म्हणा. तोडू नगा, बस्स."

उपेंद्ररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खोड होतं, फांद्या होत्या, पानं हिरवी होती; शास्त्राची फारशी हरकत दिसेना. प्रश्न उरला काट्यांचा. 'स्थानिक हवामानामुळे काटे फळांवर सरकले आहेत,' असा शेरा त्यांनी मारला. आता फक्त शेजाऱ्यांच्या साक्षी हव्या होत्या.

संध्याकाळी झाडाखाली चटया पडल्या. हाताला तेल लावून कृष्णाबाई एकेक फळ फोडत होत्या आणि उपेंद्रराव एकेकापुढे कागद धरत होते. हे झाड बाभळीचंच आहे, असं गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी लिहून दिलं. हेडमास्तरांनी तर तोंडातला घास न गिळता सही केली.

कुणाचंही मन कचरलं नाही. तुमचंही कचरलं नसतं. गरे फार गोड होते.