नळ काबीज केल्याची हकिकत

राजे लोक किल्ले घेतात आणि त्यांचे शिलालेख होतात. न्हाणीघरात जिंकलेली लढाई मात्र पाण्याबरोबर वाहून जाते. तैसे होऊ नये, सबब ही हकिकत जशी घडली तशी लिहून ठेविली आहे. पदरचे काही घातले नाही; उणे केले असल्यास ते आईसाहेबांच्या भिडेस्तव.

ऐशियास, आईसाहेब म्हणजे शिवणाच्या वर्गावर बत्तीस वर्षे राज्य केलेली बाई. त्यांच्या मुलुखात संधिवात नामे गनीम शिरला आणि बारा वर्षे तळ देऊन बसला. गनीम मोठा कावेबाज. पहाटे पेरापेरावर चौक्या बसवी आणि मुठीचे दरवाजे बंद करी, आणि मग दहाच्या सुमारास चौक्या उठवून, आपण त्या गावचेच नव्हे अशा चेहऱ्याने, चालता होई. सरकारी दफ्तर उघडे साडेदहाला.

घरच्या न्हाणीघरात गोल मुठीचा पितळी नळ होता, जुना आणि हट्टी. सकाळी तो आईसाहेबांस दाद देईना, आणि मग तोंड धुण्यापुरत्या पाण्यासाठी त्यांस कन्येला हाक मारून उठवावे लागे. बाकी सर्व त्यांनी सोसले, हे एक सोसवले नाही. आपल्या घरी, आपल्या हाताने, कोणास न विचारता तोंड धुवावे, एवढाच त्यांचा मनसुबा.

अशात सरकारने सांधेरुग्ण साहाय्य धोरण जाहीर केले की, ज्याच्या मुठीचा जोर यंत्रावर दहाच्या खाली भरेल, त्याचे घरी कोपराने ढकलता येईल असा लांब दांड्याचा नळ बसवून देण्यात येईल. कन्या बहुत संतोष पावली आणि मातोश्रींस घेऊन दफ्तरावर चालून गेली. तेथे तपासणीचे डॉक्टर होते, आणि त्यांचे डावे अंगास एक कारकून, ज्यांस सारे दफ्तर शिक्केबहाद्दर म्हणत असे. दाबायला यंत्राचा रबरी फुगा हाती दिला. घड्याळात अकरा वाजलेले, गनीम केव्हाच पसार, आणि काटा गेला सोळावर. त्यात डॉक्टरांनी तब्येत पुसली तेव्हा आईसाहेब उद्गारल्या, "उत्तम!" कारण परक्याने तब्येत विचारली की उत्तमच म्हणायचे, हा त्यांचा जन्माचा खाक्या.

अर्ज नामंजूर जाहला. महिन्याने दुसरी स्वारी केली, तेव्हा जिना चढून हात ऊबदार झाले आणि काटा सतरावर गेला. माघारी येताना कन्या बोललीच.

"आई, पुन्हा उत्तम कशाला म्हणालीस गं?"

"मग काय रडू त्याच्यापुढे? चांगला आहे बिचारा."

मग कन्येने धोरणाची अठ्ठ्याऐंशी पानी चोपडी आणविली, जिची पाने एकमेकांस चिकटलेली होती, त्यावरून ती आजवर कोणी उघडली नसावी असे दिसते. एक्केचाळिसाव्या पानी कलम सापडले की, अर्जदारास त्रास सर्वाधिक असेल त्या वेळी, गरज पडल्यास घरी जाऊन, तपासणी करावी. खलिता रवाना केला. शिक्केबहाद्दरांनी कलम तीनदा वाचले आणि मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले, आणि मंगळवारी सकाळी सहा वाजता तिसरी व अखेरची तपासणी घरी होईल, असा हुकूम सोडला.

आता फत्ते ठरलेलीच. परंतु किल्ले तोफांनी पडत नाहीत, फितुरीने पडतात. मंगळवारी कन्या साडेपाचास उठून पाहते तो आईसाहेब खुर्चीवर विराजमान, तोंड धुतलेले, केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, आणि ऊन पाण्यात शेकून शेकून बोटे मोकळी केलेली.

"आई! अगं, काय केलंस हे?"

"लोक घरी यायचे आणि मी पारोशी बसू?"

सहाला मंडळी आली, फुगा दाबला, आणि काटा चौदावर थांबला. शिक्केबहाद्दरांनी नामंजुरीचा शिक्का बाहेर काढला, आणि डॉक्टर हात धुण्यास न्हाणीघरात गेले, ते लवकर येईनात. मग हाक आली की, नळाला ही चिंधी कसली बांधली आहे?

आईसाहेब अंमळ लाजल्या. "ती होय? हिला उठवायचं नसलं की रात्रीच बांधून ठेवते; दातांत धरून ओढायची, म्हणजे नळ फिरतो. बोटं संपावर आहेत, दात अजून कामावर आहेत. दोन खोटे आहेत, पण तेही राबतात बिचारे."

कन्येस या शस्त्राची खबर नव्हती. ती दारात उभी राहून ओल्या चिंधीकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी फर्मावले की, आजची तपासणी त्रासाच्या वेळी झालीच नाही, सबब ती धरू नये, उद्या पुन्हा यावे. शिक्केबहाद्दर कडाडले, "साहेब, असं कसं? त्रासाची वेळ कोण ठरवणार?"

"मी ठरवणार," आईसाहेब म्हणाल्या. "दुखतं मला."

तह ठरला. अटी तीन: ऊन पाणी नाही, चिंधी नाही, केस विंचरणे नाही.

"केससुद्धा नाही?"

"नाही, आजी."

त्यावर आईसाहेबांनी विंचरलेल्या केसांवरून एकदा हात फिरविला, आणि मग होकारार्थी मान हलविली.

बुधवारी सहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर शिक्केबहाद्दरांसह दाखल झाले. आईसाहेब पलंगाचे कडेवर बसल्या होत्या, पारोशा, पांढरे केस खांद्यांवर सुटलेले, आणि हात मांडीवर ठेवलेले, जणू कोणी परक्याने ठेवायला दिले आहेत. तसे त्यांस कोणी पाहिले नव्हते. कन्या रोज पाही, पण घाईत. डॉक्टरांनी तब्येत पुसली. आईसाहेबांनी खिडकीकडे पाहिले, मग कन्येकडे, आणि म्हणाल्या, "बरी नाही."

हे दोन शब्द काढावयास जो जोर लागला, तो फुग्यावर लागता तर काटा पन्नासावर जाता.

काटा चारावर थांबला.

"चारच?" आईसाहेब हिरमुसल्या. "थांबा, पुन्हा दाबते."

"नको आजी! पास झालात तुम्ही," डॉक्टर म्हणाले, आणि शिक्केबहाद्दरांनी शिक्का असा मारला की टेबल हालले. मग मंडळी गेली, आणि कन्येने कंगवा घेतला, आणि आईसाहेबांनी भांग वाकडा पडल्याबद्दल तिची हजेरी घेतली.

एकोणिसावे दिवशी नळ बसला. आईसाहेबांनी दार लोटून घेतले, कोपराने दांडा ढकलला, आणि पाणी आले. मग बंद केला, पुन्हा सोडला, असे चार वेळ केले. इतके पाणी कशास, असे कोणी विचारले नाही. त्या दिवसापासून सात महिने न्हाणीघरावर त्यांचा निर्वेध अंमल होता, आणि कन्येस एकदाही हाक आली नाही. मग आईसाहेब गेल्या, आणि गनीमही गेला, कारण त्यास राहावयास घर उरले नाही.

येणेप्रमाणे नळ काबीज जाहला. बुधवारच्या निकालाचा शिक्का दफ्तरी आहे, चिंधी कन्येच्या कपाटात आहे. कन्येची बोटे धडधाकट आहेत. तरी ती सकाळी नळ कोपरानेच उघडते.