पारा काही उतरेना

चार महिन्यांच्या लेकीला सकाळी लस टोचून आणल्यावर तिच्या बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं, "तू खुशाल ऑफिसला जा. मी एक फोनसुद्धा करणार नाही!" बाळंतपणाच्या रजेनंतर बायकोचा तो पहिलाच दिवस. शिवाय हे गृहस्थ शीतगृहात सुपरवायझर, बारा वर्षं तापमानच सांभाळत आलेले. (बटाट्यांचं. पण तापमान ते तापमान!)

लस देणाऱ्या सिस्टरने बजावलंच होतं, "ताप येईल, घाबरू नका. कपडे सैल ठेवा, दूध पाजत राहा, लिहून दिलेले तापाचे थेंब एकदा द्या."

बारा वाजता लेकीचं अंग तापलं. बाबांनी नवाकोरा पाऱ्याचा थर्मामीटर तिच्या काखेत धरला. एकशे एक! त्यांनी थेंब दिले, कपडे सैल केले, भिंतीवर तक्ता चिकटवला आणि शीतगृहाच्या शिस्तीत दर दहा मिनिटांनी नोंद सुरू केली.

साडेबारा, एकशे एक. एक, एकशे एक. दोन वाजले तरी एकशे एक! लेक मात्र खुळखुळा चाटत खिदळत होती.

"तापात भ्रमिष्ट झाली पोर!" बाबा ओरडले. (ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं.) हाताला कपाळ गार लागत होतं, पण नुसत्या हातावर विसंबले असते तर आजवर किती पोती बटाटे सडले असते!

तीनदा त्यांनी बायकोचा नंबर काढला आणि तीनदा दिलेला शब्द आठवून फोन खाली ठेवला. शेवटी सिस्टरला लावला.

"सिस्टर, दोन तास झाले, ताप रेषभर हलत नाही!"

"दर वेळी थर्मामीटर झटकताय ना?"

"झटकायचा? का? आमच्याकडचा काटा आपोआप खाली येतो!"

"अहो, हा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. झटका आणि परत लावा."

बाबांनी एवढ्या जोरात झटकला की चष्माच उडाला. चष्मा शोधला, थर्मामीटर लावला, वाचला. अठ्ठ्याण्णव! लेक ठणठणीत, आणि तेही बायकोला फोन न करता! त्यांनी अजून चालूच असलेला फोन पुन्हा कानाला लावला.

"अहो बाबा," सिस्टर कळवळून म्हणाली, "आधी त्या लेकराला उचलून घ्या बघू. केवढं रडतंय बिचारं!"

"ती हसतेय हो, सिस्टर," बाबा नाक ओढत म्हणाले. "हा मी आहे."