अप्पांचे चिंचोके

शिवलिंगअप्पांनी आपल्या स्कूटरचा हॉर्न स्वतः पान्याने काढून टाकला होता. मंगळवार पेठेतल्या गर्दीतून ते नुसत्या तोंडाच्या जोरावर वाट काढत. कारण विचारलं तर म्हणत, "हॉर्न सारखाच वाजतोय, म्हणून कोण हलत न्हाय. मी कवातरी वरडतो, म्हणून हलत्यात."

अप्पा आमच्या दवाखान्याच्या औषध विभागाचे प्रमुख. मी कागलजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. मला कॉम्प्युटरवर बसवलं ते त्यांनीच. दोन हजार सालानंतर आमचे डॉक्टर कॉम्प्युटरवर औषधं लिहू लागले. औषधात काही खटकलं की पडद्यावर लाल चौकट येऊन इशारा देई. जितके इशारे जास्त तितका रुग्ण सुरक्षित, अशी माझी प्रामाणिक समजूत. म्हणून होते नव्हते तेवढे सगळे मी सुरू करून ठेवले. महिनाभरात इशारे बंद करून करून मोठ्या डॉक्टरांचं एंटरचं बटण झिजून गुळगुळीत झालं.

एके दिवशी इचलकरंजीचा एक विणकर औषधाच्या खिडकीवर आला. नव्या कागदावर गुडघेदुखीची गोळी होती. अप्पांनी सवयीने विचारलं, "पावणं, आधीचं काय चालू हाय?" त्याने खिशातून रक्त पातळ करणारी गोळी काढली. दोन्ही एकत्र घेतल्या असत्या तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती होती. इशारा आला होता; डॉक्टरांनी न वाचताच तो बंद केला होता.

सगळे डॉक्टरांना बोल लावू लागले. मीही. अप्पा मला म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? दिवसभर तूच त्यांच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवतोस."

दुसऱ्या दिवशी ते उजव्या खिशात चिंचोके भरून डॉक्टरांच्या मागे स्टुलावर बसले. डॉक्टरांनी इशारा वाचला की एक चिंचोका डाव्या खिशात. दुपारपर्यंत तीन गेले. त्यातला एक तुम्ही मागे बसलाय म्हणून, असं डॉक्टरांनीच हसत कबूल केलं.

मग अप्पा आणि डॉक्टर, दोघांनी मिळून एकेक इशारा तपासला. जिवावरचे तेवढे ठेवले. जेवून घ्या, झोप येईल, असले इशारे पडद्यावरून काढून अप्पांनी स्वतःच्या तोंडी घेतले. बंद केलेल्या इशाऱ्यांची यादी करून प्रत्येकापुढे अप्पांनी सही केली. उद्या कुणाला काही झालं तर सगळं तुमच्यावर येईल, असं मी घाबरून म्हणालो.

"यील की. कुणावर तरी याय नको?"

त्यानंतर लाल चौकट आली की डॉक्टरांचा हात खरंच थांबू लागला. अप्पांचा मात्र थांबेना. दुपारच्या सुट्टीत ते वयस्कर रुग्णांना फोन लावत. घरी फोन नसेल तर शेजाऱ्यांकडे. पत्नी गेल्यापासून ते घरी एकटेच. सुट्टीत जेवायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

एकदा मी जवळच होतो. गडहिंग्लजकडच्या एका आजींशी बोलणं चाललं होतं.

"रिकाम्या पोटी न्हाय न्हवं घेतली गोळी?"

पलीकडचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. भाकरी खाऊनच घेतली, असं आजींनी सांगितलं. मग विचारलं, "आणि तू जेवलास काय रं, लेकरा?"

तीन वाजत आले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या अप्पांनी न उघडलेला जेवणाचा डबा पुढे ओढला.

"बसतोच आता, आई," म्हणाले. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ रिसीव्हरवरच होता.