सातवा डॉक

संगणकाशी माझी आजवर बरेचदा जुंपली, पण दर वेळी चूक संगणकाचीच निघाली, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यामुळे गोदामात येणाऱ्या ट्रकना वेळ नेमून देणारं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ते लावायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मॅनेजरसाहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, साहेब, हा माझ्या डाव्या हाताचा मळ!

काम होतंही सोपं. गोदामाला सहा डॉक. डॉक म्हणजे ती उंच कड, जिथे ट्रक पाठ टेकवून उभा राहतो आणि माल उतरतो. रोज सकाळी सगळे ट्रक एकदम यायचे आणि फाटकाशी ड्रायव्हर एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता प्रत्येक डॉकचं नाव, पत्ता आणि उघडायची वेळ भरली की झालं. माल पाठवणारा फोनवरूनच मोकळी वेळ निवडणार, आणि ड्रायव्हरला वाटेचा नकाशा आपोआप जाणार.

आधी हात बसावा म्हणून मी घरी सराव केला. सरावाला डॉक कुठला घ्यायचा? आमच्याकडे बाथरूम एक, माणसं चार, आणि सकाळचा देखावा गोदामाच्या फाटकासारखाच. मी बाथरूमचाच डॉक केला. नाव बाथरूम, क्रमांक सात. पत्ता घरचा. उघडायची वेळ पहाटेची. मालाचा प्रकार द्रव. ‘वाहनाची कमाल लांबी’ एवढा रकाना कोरा ठेवला, कारण सासरेबुवांना टेप लावणं काही बरं दिसलं नसतं. ते आमच्याकडेच राहतात आणि एकदा बाथरूममध्ये शिरले की अख्खा पेपर वाचूनच बाहेर येतात. त्यांच्यासकट सगळ्यांच्या वेळा लावून दिल्या, मुलीने शाबासकी दिली, आणि त्या कौतुकात सराव पुसायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी मी भल्या सकाळीच गोदामात हजर. शेजारी मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून बसलेले, पुढ्यात स्क्रीन. तेवढ्यात घरून बायकोचा फोन.

“अहो, दारात एक ट्रक ड्रायव्हर आलाय. म्हणतो, बाथरूमची वेळ घेतलीय.”

मला वाटलं, लांबून आला असेल, वाटेत कुठे सोय नसेल. माणुसकी म्हणून काही आहे की नाही!

“अगं, अडचण असेल बिचाऱ्याची. जाऊ दे त्याला आत.”

“त्याच्याबरोबर आणखी दोघं आहेत.”

“मग त्यांनाही जाऊ दे. आपलं काय जातंय?”

फोन ठेवला आणि स्क्रीनवर एक चौकोन हिरवा झाला. डॉक सात. माल उतरत आहे.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर सरकवून विचारलं, की हा सातवा आपण बांधला कधी? मी म्हटलं, तो जरा बाहेरच्या बाजूला आहे. आणि चौकोन उघडून पाहिला, तर पत्ता माझ्याच घरचा! आमचे सगळे डॉक नऊला उघडणारे, सातवा मात्र पहाटेपासून मोकळा. गाद्या बनवणाऱ्या कंपनीला ते फार सोयीचं वाटलं होतं. ट्रकभर गाद्या, आणि त्याही त्याच संध्याकाळी सुरू होणाऱ्या एका नव्या वसतिगृहासाठी! वेळ रद्द करायला गेलो, तर संगणकाने कळवलं की ट्रक पोचल्यावर बदल करता येणार नाही. हा नियम मीच घातला होता. मीटिंगमध्ये त्यावर भाषणही ठोकलं होतं.

पोटात दुखतंय असं सांगून स्कूटर काढली.

आमच्या इमारतीच्या जिन्यात पायरीपायरीवर गाद्या. खालचे शेजारी त्यातल्या एकीवर आडवे होऊन, घेऊ का नको असा विचार करत होते. वर बायको ड्रायव्हरला चहा देत होती. तो भला माणूस मला बघून उभा राहिला आणि संकोचाने म्हणाला, “साहेब, डॉक लहान पडला तुमचा. त्यात आजोबाही होते. मग दारापर्यंतच लावल्या.”

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं. त्याच्यापुढे गाद्यांची छतापर्यंत भिंत. भिंतीमागून सासरेबुवांचा आवाज आला, “जावईबापू, माझी वेळ कधीच संपली. पण पेपरही संपलाय.”

मग काय विचारता! मी, ड्रायव्हर, त्याचे दोन हमाल, बायको, मुलगी आणि शेजारी, सगळ्यांनी हातोहात गाद्या पुन्हा खाली पोचवल्या. सासरेबुवा बाहेर आले, त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, सरळ जाऊन चहा मागितला. ट्रकला दुसरी वेळ द्यायला गेलो, तर सहाही डॉक दिवसभर भरलेले. शेवटी गोदामाच्या फाटकाशी उभं राहून, घसा फुटेस्तोवर ओरडून, चार ड्रायव्हरांच्या शिव्या खाऊन मी तो ट्रक दोन नंबरच्या डॉकवर घुसवला. संध्याकाळी गाद्या वसतिगृहात पोचल्या, तेव्हा कुठे मी पाणी प्यालो.

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच आत शिरलो. साहेब दिवसाचा अहवाल बघत होते आणि चक्क हसत होते.

“सहाही डॉक रखडले. पण तुझा तो सातवा! इतक्या झटपट ट्रक रिकामा झालेला मी जन्मात पाहिला नाही. सोमवारी मोठे साहेब येतायत. त्यांना आधी तोच दाखवू.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की मी थेट दारापाशी पोचलो. बाहेर येऊन मी घरी फोन लावला आणि बायकोला जमेल तितक्या सहजपणे म्हटलं, की सोमवारी दोन साहेब आपलं बाथरूम बघायला येतील, तेव्हा फरशी जरा घासून घेऊ.

ती म्हणाली, “नुसतेच येणार आहेत, की ट्रक घेऊन?”